पंत मास्तरांची विजेची खोली

आमच्या शाळेत पदार्थविज्ञानाची एक खोली होती. तिच्या कपाटांवर धूळ साठायची आणि त्याच वेगानं किस्सेही साठायचे. धूळ आमचा बाबालाल शिपाई आठवड्यातून एकदा झटकायचा. किस्से कुणी झटकले नाहीत, म्हणून ते सगळे माझ्याकडंच राहिले. अजूनही चार मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, त्या खोलीतलं एखादं सांगा की!" आणि एक काढायला जावं, तर त्याला धरून पाच-सहा बाहेर येतात.

काळ महाराजांच्या अमदानीतला. कोल्हापुरात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. आज शाळा, उद्या बोर्डिंग, परवा तालीम. वीज म्हणजे मात्र लोकांच्या लेखी आभाळात कडाडते तीच. ती तारेतून, बरणीतून आणि पेटीतून काढून दाखवणारा गावात एकच माणूस होता, आमचे विनायकपंत. सगळे त्यांना नुसतं पंत म्हणत. अंगानं काडीसारखे, पगडी कायम एका कानाकडं झुकलेली, आणि बोलताना समोरच्याच्या उपरण्याचं टोक धरायची सवय. शिकवायचे झकास, पण चित्र काढता यायचं नाही. त्यांनी फळ्यावर काढलेला पंप बदकासारखा दिसायचा. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्यामुळं पंतांची चित्रं काढायला मला त्या खोलीत जावं लागायचं, आणि एकदा गेलं की तासभर तरी सुटका नसायची.

*

पंतांनी मुंबईहून हवा काढायचा पंप मागवला. स्टेशनवरनं पेटी बैलगाडीत घालून आम्ही तिघं निघालो. पंत, मी आणि बाबालाल. जकात नाक्यावर कारकुनानं गाडी अडवली.

"पेटीत काय हाय?"

"पंप आहे. भांड्यातली हवा काढून घेतो," पंत म्हणाले.

"मग मागं काय ऱ्हातंय?"

"पोकळी."

"म्हंजे?"

"म्हणजे काहीच नाही."

कारकुनानं लेखणी कानावर ठेवली. "मास्तर, दोन माणसांनी उचललेली पेटी हाय. आन् त्यातनं काहीच न्हाय निघणार म्हणता? माझ्या यादीत गूळ हाय, तंबाकू हाय, खोबरं हाय. काहीच न्हाय असा माल माझ्या यादीत न्हाय!"

पंतांना कुणी काही विचारलं की ते समजावून सांगितल्याशिवाय राहत नसत. त्यांनी तिथंच रस्त्यात पेटी उघडली, पंप जोडला आणि वरच्या उघड्या नळकांड्यावर कारकुनाला तळहात ठेवायला सांगितला. बाबालालनं दांडा चार वेळा हाणला. कारकुनाचा हात चिकटला!

"सोडा की!"

"कुणी धरलंय?" पंतांनी विचारलं.

"कुणीच न्हाय, पर सोडत न्हाय!"

"तेच सांगत होतो. आत काही नाही, आणि वरची हवा दाबते आहे."

हात सुटला, तेव्हा कारकुनाच्या तळव्यावर लालभडक गोल उठला होता. त्यानं मुकाट्यानं वहीत लिहिलं, 'यंत्र नग एक. आत काही नाही, परंतु धरून ठेवते.' आणि गाडी सोडली.

नाका मागं पडल्यावर बाबालाल म्हणाला, "आत काय न्हाय, पर माणूस धरून ठेवतंय. म्हंजे नाकाच की ओ ह्यो!"

*

आमच्या हेडमास्तरांकडं साखळीचं विलायती घड्याळ होतं. रोज सकाळी देवळातल्या घंटेच्या ठोक्याला ते लावायचं आणि दिवसभर त्याच्यावर शाळा चालवायची, हा त्यांचा नेम. एकदा ते पंतांच्या खोलीत आले आणि टेबलावरच्या नालाच्या आकाराच्या मोठ्या लोहचुंबकावर वाकून बघू लागले. साखळीचं घड्याळ थेट चुंबकाच्या टोकांमध्ये लोंबायला लागलं.

"साहेब, घड्याळ जरा लांब धरा. आतल्या पोलादी कमानीत चुंबकत्व शिरेल," पंत म्हणाले.

"पंत, हे विलायतेहून आलं आहे," हेडमास्तर म्हणाले. "ते असल्या गोष्टींना दाद देत नाही."

त्या दिवसापासून घड्याळ धावायला लागलं. सकाळी बरोबर लावलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत पाऊण तास पुढं! शाळा पाचला सुटायची, ती सव्वाचारलाच सुटू लागली. मास्तरांच्या खोलीत पंतांनी आम्हाला कारण समजावून सांगितलं. ते ऐकून सगळ्यांचं एकमत झालं, की शास्त्राच्या कामात आपण ढवळाढवळ करू नये. हेडमास्तर मात्र देवळावर नाराज. ते घरी जाऊन चहा घेऊन बसायचे, मग पाचाचे ठोके पडायचे. "सकाळी नीट वाजवतात. दुपारनंतर आळस करतात. पुजाऱ्यांना कळवायला पाहिजे!"

नवव्या-दहाव्या दिवशी शाळा तपासायला दिपोटी साहेब न कळवता आले. फाटक बंद, अंगणात चिटपाखरू नाही, आणि पायरीवर हेडमास्तर जोडा घालत बसलेले.

"शाळा सुटली?" दिपोटींनी विचारलं.

"पाच वाजून गेले, साहेब."

दिपोटींनी खिशातनं आपलं घड्याळ काढून दाखवलं. चार वाजून वीस मिनिटं.

हेडमास्तरांनी त्यांच्याकडं मोठ्या करुणेनं पाहिलं. म्हणाले, "साहेब, एकदा आमच्या पंतांच्या खोलीत घड्याळ दाखवून घ्या. तिथं सगळी यंत्रं आहेत."

दिपोटींनी दाखवलं. पंत घरी गेले होते, म्हणून हेडमास्तरांनी स्वतःच ते तासभर टेबलावर, चुंबकाशेजारी ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून दिपोटींची कचेरीही लवकर सुटू लागली.

*

शाळा शिवाजी पेठेत, आणि शाळेच्या भिंतीला लागून तालीम. तालमीचे गणू वस्ताद म्हणजे उभा डोंगर. त्यांना पंतांचा एरवी काही त्रास नव्हता, पण एका पोरानं तालमीत जाऊन सांगितलं, "वस्ताद, आमचं पंत मास्तर म्हणत्यात, कप्प्या लावल्या तर ड्रॉइंग मास्तर तुमास्नी एका हातानं उचलतील."

वस्ताद तडक वर्गात आले. आखाड्याची लाल माती अंगावर तशीच.

"कोण उचलतंय मला?"

पंतांनी माझ्याकडं बोट दाखवलं. वस्तादांनी मला खालपासनं वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जेवलाय का?"

मागल्या पडवीच्या तुळईला पंतांनी चार पदरी दोर ओवलेल्या कप्प्या टांगल्या. खाली फळी. फळीवर वस्ताद मांडी घालून बसले. मी दोर ओढायला लागलो. खरं सांगतो, माझाच विश्वास नव्हता. पण फळी हलली. वस्ताद जमिनीपासून वीतभर वर, मग हातभर. पोरांनी एकच गिल्ला केला. वस्तादांचा चेहरा बघवेना. पेठेत ज्याची पाठ आजवर मातीला लागली नव्हती, त्याला एका चित्रं काढणाऱ्यानं अधांतरी लोंबकळत ठेवला होता!

खाली उतरल्यावर ते कप्प्यांखाली जाऊन उभे राहिले. दोराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, परत एकदा. हळू."

मी परत ओढला. वस्ताद आता माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या पायाशी पडणाऱ्या दोराकडं बघत होते.

"मी किती वर आलो?"

"हातभर," पंत म्हणाले.

"आन् ह्यांनी दोर किती वडला?"

"चार हात."

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "आस्सं! मग चुकवलं काय न्हाय तुमी. एका दमाचं काम चार दमात केलंसा!"

पंतांचे डोळे भरून आले. म्हणाले, "वस्ताद, चाळीस पोरं आहेत माझ्या वर्गात. आठ दिवस हेच शिकवतोय. एकालाही कळलं नाही!"

"कळलं की," वस्ताद फळीवरनं उठत म्हणाले, "पर ह्याला शास्त्र कशापायी म्हणता? आमच्या तालमीत ह्याला आळस म्हणत्यात!"

*

विजेच्या खोलीत पंतांची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे एक काचेची बरणी. तिला आतून-बाहेरून कथलाचा पातळ पत्रा चिकटवलेला असायचा, आणि तिच्यात म्हणे वीज साठवून ठेवता येते. तो पत्रा जागोजागी सुटला, म्हणून पंत बरणी दुरुस्तीला घरी घेऊन गेले आणि नेहमीप्रमाणं विसरले.

महिन्याभरानं तेच दिपोटी साहेब उपकरणं मोजायला आले. यादी वाचता वाचता थांबले.

"विजेची बरणी एक. कुठाय?"

बाबालालला पंतांच्या घरी, त्यांच्या बायकोकडं, यमुनाकाकूंकडं पिटाळलं. तो पळत गेला आणि चालत आला. बरणी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. काच आरशासारखी लखलखीत. पत्र्याचा पत्ता नाही. आत गळ्यापर्यंत लिंबाचं लोणचं!

"काकू म्हणाल्या, चांगली बरणी पर लई मळ चिकटलावता. दोन दिवस घासत हुत्या," बाबालालनं खबर दिली.

दिपोटींनी लेखणी उचलली. उपकरण हरवलं असं लिहिलं गेलं, तर पुढच्या वर्षीचं सामान बंद होणार होतं. पंत एकदा बरणीकडं बघायचे, एकदा लेखणीकडं.

"साहेब, दोन मिनिटं," ते म्हणाले. त्यांनी कपाटातनं तांब्याची एक पट्टी काढली आणि जस्ताची एक. दोन्ही लोणच्यात खुपसल्या. पट्ट्यांना तारा जोडल्या आणि तारेच्या वेटोळ्यात होकायंत्र ठेवलं.

होकायंत्राची सुई जागची उठली आणि एका बाजूला कलली. तार काढली की परत जागेवर. जोडली की पुन्हा कलायची.

दिपोटी खुर्चीतनं उठून जवळ आले. "म्हणजे यात वीज आहे?"

"आहे ना. लिंबाचं आम्ल, मीठ, आणि दोन वेगवेगळे धातू."

"वा! ही बॅटरी कुठल्या कंपनीची?"

पंतांनी पगडी सावरली. बाबालाल पुढं झाला. "काकूंच्या, साहेब!"

दिपोटी हसले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'साधने चांगली मुरलेली आहेत.' पंत आनंदानं बरणी घेऊन घरी गेले आणि यमुनाकाकूंना सगळी हकिगत ऐकवली. काकूंनी शांतपणे दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, हिरवट झालेलं लोणचं बघितलं आणि म्हणाल्या,

"वीज तयार झाली ना? मग आता वर्षभर जेवताना तीच वाढते पानात."

*

संस्कृत शिकवायचे आमचे शास्त्रीबुवा. कडक सोवळ्यातला माणूस, पण जीभ त्याहून तिखट. एका थंडीत ते मास्तरांच्या खोलीत सांगू लागले, की पूजा आटोपून रेशमी मुकटा सोडताना त्यातनं ठिणग्या उडतात. चटचट आवाजही येतो.

"इतक्या वर्षांच्या अनुष्ठानाचं तेज आहे ते," शास्त्रीबुवा म्हणाले. "दिसणाऱ्याला दिसतं."

पंतांना राहवलं नाही. त्यांनी बुवांच्या उपरण्याचं टोक धरायला हात पुढं केला, सोवळं आठवून मागं घेतला आणि सगळ्यांना विजेच्या खोलीत नेलं. खिडक्या लावल्या, अंधार केला. बाबालालनं शाळेतलं मांजर मांडीवर घेतलं. पंतांनी रेशमी रुमाल त्याच्या पाठीवरनं दहा-बारा वेळा भराभर फिरवला आणि बोट जवळ नेलं. चट्! ठिणगी उडाली. मांजर बाबालालच्या खांद्यावर.

"घर्षणानं निर्माण होणारी वीज," पंत म्हणाले. "रेशीम असलं, हवा कोरडी असली, की कुणाच्याही अंगावर येते."

बाबालाल अंधारातनंच म्हणाला, "मग ह्या मांजराचंबी अनुष्ठान दांडगंच म्हणायचं!"

आम्ही तोंडात उपरण्याचे बोळे कोंबले. आता शास्त्रीबुवा भडकणार! पण त्यांनी शांतपणे खिडकी उघडली, मांजराकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले,

"त्यात नवल काय? मागल्या जन्मी दशग्रंथी असणार. बघा ना, अजूनही कुणी शिवलेलं खपत नाही त्याला!"

*

पुढं पंतांची कीर्ती गावाबाहेर गेली. जयसिंगपूर तेव्हा नुकतं वसत होतं. नव्या पेठेत आखून दिलेल्या जागांवर व्यापाऱ्यांची नवी घरं उठत होती. तिथं पंतांचं 'विजेपासून घराचे रक्षण' या विषयावर व्याख्यान झालं. घरावर उंच टोकदार सळई उभी करायची, तिची तार जमिनीत खोल पुरायची, म्हणजे पडणारी वीज त्या टोकावर येते आणि जमिनीत निघून जाते. एवढाच मुद्दा.

चार दिवसांनी सातलिंगप्पा नावाचे एक अडत व्यापारी शाळेत आले. धोतर, काळा कोट, कपाळावर विभूती.

"मास्तर री, ती सळई पायजे."

"अवश्य. घर किती उंच आहे तुमचं?"

"माझं घर कशाला री?" सातलिंगप्पा दचकले. "ते टोक विजेला बोलवून घेतंय म्हणालासा न्हवं?"

"एका अर्थी घेतं. पण—"

"मग माझ्या घरावर कशाला बोलवू? शेजारी आमच्या थोरल्या भावाचं घर हाय, मलप्पाचं. त्याच्यावर बसवा. समदा खर्च माझा!"

पंतांनी अर्धा तास त्यांच्या कोटाचं टोक धरून समजावलं. वीज बोलावल्यानं येत नाही, पण आलीच तर वाट मिळते. सातलिंगप्पा प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर री. थोरल्याच्याच घरावर बसवा."

दुपारी दुसरे एक गृहस्थ आले. तसंच धोतर, तसाच काळा कोट. मलप्पा. त्यांनाही सळई हवी होती. धाकट्याच्या घरावर.

शेवटी पंत स्वतः जयसिंगपूरला गेले आणि दोघांच्या मधल्या सामाईक भिंतीवर एक सळई उभी करून आले. आठ वर्षं एकमेकांशी न बोललेले भाऊ त्या संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसले आणि त्यांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं.

या पंताला शास्त्रातलं काही कळत नाही!

*

आता शेवटचा सांगतो.

दरबारचा हुकूम निघाला, की अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद. सगळ्या जातींची पोरं एका शाळेत, एका वर्गात बसवायची. आमच्याकडं अशी अकरा मुलं आली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या जुन्या शाळेचे मास्तर आले, धोंडीराम कांबळे. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. अक्षर असं, की मी ड्रॉइंग मास्तर असून मला हेवा वाटायचा.

हेडमास्तर हुकमाचे पक्के. हजेरीच्या पुस्तकात त्यांनी कांबळे मास्तरांचं नाव सगळ्यांच्या नावाखाली ताबडतोब घातलं. खुर्ची मात्र मास्तरांच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात ठेवली. "वारा चांगला येतो तिथं," म्हणाले. मुलांचा बाकही वर्गाच्या दाराशी असा ठेवला, की पुढचे पाय आत आणि मागचे बाहेर. पंत एकदा हेडमास्तरांशी बोलायला गेले आणि परत आले, तेव्हा त्यांची पगडी नेहमीपेक्षा जास्त वाकडी झाली होती. कांबळे मास्तर रोज यायचे, व्हरांड्यात बसून वह्या तपासायचे, तहान लागली की घरनं आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायचे.

मग कळलं, की हुकमाची अंमलबजावणी बघायला दरबारातले एक सरदार येणार आहेत. त्या दिवशी सकाळी व्हरांड्यातली खुर्ची आत आली. बाकाचे मागचे पायही आत आले.

सरदारांनी वर्ग बघितले, मुलांना एक-दोन प्रश्न विचारले आणि विजेच्या खोलीत आले. टेबलावर पंतांचं नवं यंत्र होतं. लाकडी पेटीत लोहचुंबक, त्याच्या टोकांपुढं फिरणारं तारेचं वेटोळं, ते फिरवायला हँडल आणि दोन तारांना दोन पितळी मुठी. दोन्ही मुठी धरल्या आणि हँडल फिरवलं, की अंगातनं वीज जायची.

"ऐकलंय, की पाच-सहा माणसांनी हातात हात धरले, तर सगळ्यांना एकदमच झटका बसतो," सरदार म्हणाले. "दाखवा बरं. मास्तर मंडळींनीच उभं राहा." आणि थोडं थांबून म्हणाले, "सगळ्यांनी."

हेडमास्तरांना घाम फुटला. पण माणूस हुशार. त्यांनी क्षणात रांग लावली. एका टोकाला शास्त्रीबुवा, एका हातात पितळी मूठ. मग स्वतः हेडमास्तर. मग मी. दुसऱ्या टोकाला दुसरी मूठ धरून कांबळे मास्तर. दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श व्हायचं कारणच नव्हतं. पितळेला विटाळ नाही. राहिली माझ्या आणि कांबळे मास्तरांच्या मधली जागा. तिथं मीच त्यांचा हात धरायचा होता. मी म्हणालो, "बाबालाल, तूही ये की, मजा बघ." आणि अर्धं पाऊल अलीकडं सरकलो. का सरकलो, ते त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही.

बाबालाल मध्ये आला. त्यानं कांबळे मास्तरांचा हात धरला, माझा धरला. पंतांनी हँडल फिरवायला सुरुवात केली.

आधी मुंग्या आल्या. मग कोपरापर्यंत कुणीतरी आतनं दोरी ओढावी तसं झालं. हेडमास्तरांचं उपरणं उडालं, शास्त्रीबुवा "नारायण! नारायण!" करत उड्या मारू लागले, बाबालाल "अगाई गं!" म्हणून ओरडला. कांबळे मास्तरांनी दात आवळून धरले होते. कुणालाच हात सोडता येईना. पंत थांबले, तेव्हा पाचहीजण एकदम मोकळे झालो.

सरदार पोट धरून हसले. "सगळ्यांना सारखाच बसला?"

"सारखाच, सरकार," पंत म्हणाले.

सरदार समाधानानं निघून गेले. बग्गीचा आवाज विरला, तसे शास्त्रीबुवा पांढरेफटक पडत खाली बसले.

"हेडमास्तर, घात झाला."

"का? तुम्ही तर टोकाला होता. पितळ धरून."

"पितळ जाऊ द्या हो! ती वीज! ती सगळ्यांच्या अंगातनं जाते ना? मग त्यांच्या अंगातली माझ्या अंगात आली, की माझी त्यांच्या अंगात गेली?"

हेडमास्तर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पंत! हे तुमचं काम. वीज नदीसारखी एकाच दिशेला वाहते ना? मग तुम्ही एवढंच सांगा, की ती शास्त्रीबुवांकडून निघाली आणि कांबळ्यांकडं गेली. म्हणजे बुवांना काही लागत नाही. एका कागदावर लिहूनच द्या. शाळेचा शिक्का मी मारतो!"

शास्त्रीबुवांनी आशेनं पंतांकडं पाहिलं. कांबळे मास्तर खिडकीपाशी उभे होते. आखडलेली बोटं चोळत होते.

पंत अवघडले. खोटं सांगता यायचं नाही, हा त्यांचा मोठा दोष.

"बॅटरीची वीज एका दिशेनं जाते," ते म्हणाले. "पण या यंत्राची तशी नाही. वेटोळं अर्धा फेरा फिरलं, की ती इकडून तिकडं जाते. उरलेला अर्धा फेरा फिरलं, की तिकडून इकडं येते."

"म्हणजे दोन्हीकडून?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"दोन्हीकडून."

"किती वेळा?"

पंतांना कुणी आकडा विचारला, की बाकी सगळं विसरायला व्हायचं. त्यांनी खडू घेतला. "हँडलच्या एका फेऱ्याला आतलं वेटोळं आठ फेरे घेतं. मी हँडल वीस वेळा फिरवलं. म्हणजे एकशेसाठ वेळा तुमच्याकडून कांबळे मास्तरांकडं, आणि एकशेसाठ वेळा कांबळे मास्तरांकडून तुमच्याकडं."

शास्त्रीबुवा भिंतीला धरून उठले. पंचगंगेच्या घाटाकडं जायला त्यांनी उपरणं सावरलं आणि हेडमास्तरांना विचारलं, "एकशेसाठ विटाळांना एक स्नान पुरेल, की—"

हेडमास्तर म्हणाले, "एवढ्या वेळा म्हणजे मोठाच प्रश्न आहे. शंकराचार्यांना विचारावं लागेल."

तेव्हा कांबळे मास्तर खिडकीपासून पुढं आले. शाळेत आल्यापासून त्या सगळ्या माणसांत मोठ्यानं बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ.

"त्यांना विचारणारच हाय, तर बुवा, माझंबी एक विचारून घ्या," ते म्हणाले. "एकशेसाठ वेळा तुमच्याकडनं माझ्याकडं आली, ती मी कुठं धुवायची?"